सोंग ओळखणारा माणूस

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. सबमिशनचा आठवडा होता, त्यामुळे आमच्या लेडीज हॉस्टेलवर रात्री एक वाजताही सगळ्या खोल्यांचे दिवे चालू होते. आमच्यातली एक जण बाटली भरायला कूलरपाशी गेली आणि किंचाळलीच! भिंतीच्या कडेकडेने एक साप चालला होता. गडद तपकिरी अंग आणि त्यावर पांढरे आडवे पट्टे. मण्यार, मण्यार असा एकच गलका झाला. वॉचमनकाका काठी घेऊन धावत आले आणि दोन मिनिटांत सगळं संपलं.

सकाळी कोणाच्या तरी ओळखीने एक सर्पमित्र आले. त्यांनी तो मेलेला साप उलटासुलटा करून पाहिला आणि हळहळले. ती मण्यार नव्हती, कवड्या होता. अजिबात विष नसलेला, पाली खाणारा साप. कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक असतात आणि शेपटीकडे फिके होत जातात. मण्यारीचं बरोबर उलटं. त्यांनी आम्हाला आणखी एक गोष्ट सांगितली. कवड्या मण्यारीसारखा दिसतो म्हणून बाकीचे प्राणी बहुधा त्याच्या वाटेला जात नाहीत. म्हणजे जे सोंग त्याला रानात वाचवतं, त्याच सोंगाने तो आमच्या हॉस्टेलमध्ये मेला. काका दिवसभर गप्प होते. खरं सांगायचं तर आम्हीही.

या प्रकाराला काही नाव असेल का म्हणून मी शोधायला बसले, तर उत्तर मिळालं ‘बेट्सियन मिमिक्री’. आता हा बेट्स कोण? बायोलॉजी बारावीलाच सोडून दिल्यामुळे मला काडीची माहिती नव्हती. पण वाचत गेले आणि वाचतच राहिले, कारण हा माणूस प्रोफेसर वगैरे नव्हता. तो होता पायमोज्यांच्या गोदामात झाडू मारणारा एक अप्रेंटिस! त्याचीच ही गोष्ट. (माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या.)

हेन्री वॉल्टर बेट्सचा जन्म ८ फेब्रुवारी १८२५ रोजी इंग्लंडमधल्या लेस्टर गावी झाला. लेस्टर म्हणजे तेव्हा होजिअरीचं गाव. वडिलांचाही पायमोजे बनवण्याचा लहानसा धंदा होता. घरात खाऊनपिऊन सुखी, पण मुलाला कॉलेजात घालण्याइतकी ऐपत किंवा तशी पद्धतही नव्हती. तेराव्या वर्षाच्या सुमारास हेन्रीची शाळा सुटली आणि तो दुसऱ्या एका होजिअरीवाल्याकडे उमेदवारीला लागला. सकाळी सातला जायचं, गोदाम झाडून काढायचं आणि रात्री आठपर्यंत काम करायचं. रोज तेरा तास, आठवड्याचे सहा दिवस.

आपल्याला पाच तास प्रॅक्टिकल झालं की मेसपर्यंत चालवत नाही. हा मुलगा रात्री आठला सुटून कुठे जायचा, तर मेकॅनिक्स इन्स्टिट्यूटमध्ये! कामगारांना, कारागिरांना संध्याकाळी शिकता यावं म्हणून त्या काळात इंग्लंडच्या गावागावांत अशा संस्था निघाल्या होत्या. आजच्या पार्ट टाइम डिप्लोमाचे खापरपणजोबाच म्हणा ना. तिथली लायब्ररी चांगली होती. बेट्स तिथे लॅटिन, ग्रीक, फ्रेंच आणि ड्रॉइंग शिकला. आणि सुट्टी मिळाली की तो जवळच्या चार्नवुडच्या रानात किडे गोळा करत हिंडायचा. त्यातही भुंगेरे म्हणजे त्याचा जीव की प्राण. १८४३ साली ‘झूऑलॉजिस्ट’ नावाचं मासिक सुरू झालं. त्यात बेट्सचं भुंगेऱ्यांवरचं एक लहानसं टिपण छापून आलं, तेव्हा तो अठरा वर्षांचा होता.

पुढच्याच वर्षी लेस्टरच्या एका शाळेत नवीन मास्तर आले. वय एकवीस, नाव आल्फ्रेड रसेल वॉलेस. हाच तो वॉलेस, ज्याचं नाव पुढे उत्क्रांतीच्या बाबतीत डार्विनच्या बरोबरीने घेतलं गेलं. पण तेव्हा तो फक्त वनस्पती गोळा करायचा. एकट्या लेस्टरच्या आसपास भुंगेऱ्यांच्या किती जाती सापडतात हे बेट्सने दाखवल्यावर वॉलेस चाटच पडला आणि त्यालाही किड्यांचा नाद लागला. दोघांचीही कॉलेजची पायरी चढलेली नाही, दोघांच्याही खिशात फारसे पैसे नाहीत. पण जिवांच्या नव्या नव्या जाती तयार होतात तरी कशा, या प्रश्नाने दोघांनाही झपाटलं होतं.

अमेझॉन नदीवरचं एक प्रवासवर्णन वाचून दोघांनी ठरवलं की आपणही तिथेच जायचं. खर्चाचं काय? तर तिथले किडे, फुलपाखरं, पक्षी पकडून लंडनला पाठवायचे, एजंटमार्फत संग्राहकांना विकायचे आणि त्यावर पोट भरायचं. २६ एप्रिल १८४८ रोजी लिव्हरपूलहून ‘मिस्चिफ’ नावाच्या जहाजातून दोघं निघाले आणि महिन्याभरात ब्राझीलच्या किनाऱ्याला लागले. बेट्स तेवीस वर्षांचा होता. आपल्याकडे त्या वयात लोक पहिल्या नोकरीचा कॉल यायची वाट बघत बसलेले असतात!

सुरुवातीला दोघं पारा शहराजवळ राहिले. दिवसाचं वेळापत्रक ठरलेलं होतं. पहाटे उठायचं, कॉफी घ्यायची आणि नाश्त्याआधी पक्षी बघायचे. मग दहापासून दुपारी दोन-तीनपर्यंत किडे. बेट्सचा अवतारही बघण्यासारखा असणार. डाव्या खांद्यावर दुनळी बंदूक, उजव्या हातात जाळं, एका बाजूला किड्यांच्या डबीची चामडी पिशवी, दुसऱ्या बाजूला सरडे-बेडूक लटकवायला वाद्या असलेली झोळी आणि शर्टाला टाचलेली पिनकुशन, तीत सहा मापांच्या टाचण्या! १८५० साली दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. वॉलेस रिओ नेग्रो नदीकडे वळला आणि बेट्स समुद्रापासून दोन हजार किलोमीटरहून जास्त आत, एगा नावाच्या खेड्यात जाऊन राहिला. आज त्या गावाला तेफे म्हणतात.

आपल्याकडे म्हणतात की सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. बेट्सला हे एगामध्ये पुरतं कळलं. वर्षभर लंडनहून पत्र नाही की पैसे नाहीत. कपडे फाटून चिंध्या झाल्या, पायात जोडा राहिला नाही, नोकर पळून गेला आणि जवळची बहुतेक चिल्लर चोरीला गेली. १८५१ साली परत जायच्या विचाराने तो पारा शहरात आला तर तिथे यलो फीव्हरची साथ. वॉलेसचा धाकटा भाऊ हर्बर्ट मदतीला म्हणून इंग्लंडहून आला होता. तो तापाने आजारी पडला. बेट्सने त्याची शुश्रूषा केली, मग स्वतःही तापाने फणफणला. बेट्स वाचला, हर्बर्ट गेला. १८५२ साली वॉलेस इंग्लंडला परत निघाला, तर भर समुद्रात त्याच्या जहाजाला आग लागून त्याचा बहुतेक संग्रह जळाला.

इतकं झाल्यावर कोणीही घरी गेलं असतं. बेट्स गेला नाही. आधी सांतारेंला साडेतीन वर्षं आणि मग पुन्हा एगाला. एकूण अकरा वर्षं तो अमेझॉनवर राहिला. त्याने एकूण १४,७१२ जाती गोळा केल्या, त्यात बहुतेक कीटक, आणि सुमारे ८,००० जाती विज्ञानाला पूर्णपणे नवीन होत्या. एकट्या एगाच्या आसपास त्याला ५५० जातींची फुलपाखरं मिळाली. अख्ख्या ब्रिटनमध्ये तेव्हा साठ-सत्तर जाती माहीत होत्या! या सगळ्याची कमाई काय? अकरा वर्षांचे मिळून सुमारे ८०० पौंड.

आता मुख्य मुद्दा. रानातल्या वाटांवर हेलिकोनिड नावाची फुलपाखरं थव्याने उडायची. लांबट पंख, भडक रंग आणि चाल एकदम रमतगमत. कोणताही पक्षी सहज उचलून नेईल अशी. पण बेट्सने बघितलं की पक्षी त्यांच्या वाटेला जात नाहीत, चतुर जात नाहीत, सरडेही जात नाहीत. दुसऱ्या फुलपाखरांचे खाऊन टाकलेले पंख मात्र झाडाखाली पडलेले दिसायचे. हेलिकोनिडांच्या अंगाला एक विशिष्ट वास येतो हेही त्याच्या लक्षात आलं. मारून वाळत घातलेल्या नमुन्यांनासुद्धा इतरांच्या मानाने मुंग्या-किडे कमी लागायचे. त्यावरून त्याने ताडलं की ही मंडळी चवीला वाईट असणार. म्हणून तर लपायची गरज नाही, उलट दूरवरून ओळखू येणंच फायद्याचं.

पण जाळ्यात आलेल्या फुलपाखरांपैकी एखादं वेगळंच निघायचं. रंग तोच, नक्षी तीच, उडण्याची ढबही तीच. हातात घेऊन पाय मोजले की गडबड! हेलिकोनिडांचे पुढचे दोन पाय आखूड असतात आणि ती चालायला चारच पाय वापरतात. याचे मात्र सहाही पाय धडधाकट. पंखांतल्या शिराही निराळ्या. म्हणजे हे पांढऱ्या-पिवळ्या साध्या फुलपाखरांच्या कुळातलं. मेकॅनिकलवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर बॉडी एका मॉडेलची आणि चासी दुसऱ्याच मॉडेलची! यांना तेव्हा लेप्टालिस म्हणत. ती अगदी दुर्मीळ होती. हजार हेलिकोनिडांमागे एखादंसुद्धा सापडायचं नाही.

आपल्या गावाकडे बहुरूपी यायचे, पोलिसाचा ड्रेस घालून, काठी आपटत. लहान पोरं खरोखर घाबरायची, कारण खरा पोलीस काय करतो ते त्यांना माहीत असायचं. लेप्टालिस हे असंच सोंग. ती चवीला चांगली असली तरी पक्ष्याने आधी एखादं खरं कडू फुलपाखरू चाखलेलं असतं. ती आठवण लेप्टालिसला वाचवते. म्हणूनच खरे पुष्कळ आणि बहुरूपी थोडे असले पाहिजेत. गावात रोज दहा बहुरूपी आणि एकच खरा पोलीस यायला लागला तर कोण घाबरेल?

बेट्सला याहून मोठा पुरावा मिळाला तो नदीने. अमेझॉनवर शेकडो किलोमीटर वर सरकलं की हेलिकोनिडांची नक्षी बदलायची. आणि तिथली लेप्टालिसही नेमकी त्या नव्या नक्षीची! असं ठिकठिकाणी. हा योगायोग असूच शकत नाही. फुलपाखरू स्वतः तर आरशात बघून रंग बदलत नाही. मग हे करतं कोण?

१८५९ च्या उन्हाळ्यात बेट्स इंग्लंडला परतला आणि त्याच नोव्हेंबरमध्ये डार्विनचं ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ प्रसिद्ध झालं. त्यात बेट्सला उत्तर सापडलं. हे काम पक्षी करतात! आपण वर्कशॉपमध्ये गो-नो गो गेज वापरतो. जॉब गेजमध्ये बसला तर पास, नाही तर रिजेक्ट. पक्ष्याची नजर हे तसंच गेज आहे. लेप्टालिसच्या पिल्लावळीत थोडाफार फरक असतोच. जे जरासं हेलिकोनिडासारखं दिसतं ते थोडं जास्त वाचतं, अंडी घालतं. जे कमी दिसतं ते पोटात जातं. हजारो पिढ्या हा तपास चालला की नक्कल हुबेहूब होत जाते. ज्या गावचे कडू फुलपाखरू जसे, तसे तिथले गेज. २१ नोव्हेंबर १८६१ रोजी बेट्सने लंडनच्या लिनियन सोसायटीपुढे हा निबंध वाचला. १८६२ मध्ये तो छापून आला. डार्विनच्या पुस्तकात पाळीव कबुतरं-कुत्र्यांची उदाहरणं पुष्कळ होती, पण खुद्द रानात निवड कशी चालते याचं इतकं स्वच्छ उदाहरण आता मिळालं. डार्विन बेहद्द खूश झाला आणि त्याने स्वतः त्या निबंधावर परीक्षण लिहिलं.

त्या निबंधात बेट्सने एका सुरवंटाचीही हकीकत दिली आहे. पानांतून अंग बाहेर काढून तो मागे वळला की हुबेहूब विषारी सापाचं डोकं. फुगलेला पुढचा भाग, दोन बाजूंना काळे डोळे. बेट्सने तो गावात नेला तर सगळे लोक दचकले. हे वाचताना मला आमचा कूलर आठवला.

बेट्सचं सगळंच बरोबर निघालं असं नाही. दोन कडू जातीसुद्धा एकमेकींसारख्या का दिसतात, हे कोडं त्याला सुटलं नाही. ते ब्राझीलमध्येच राहणाऱ्या फ्रिट्झ म्युलरने १८७८ साली सोडवलं. नवशिका पक्षी शिकताना काही फुलपाखरं मारतोच. दोघींचा गणवेश एकच असेल तर तो तोटा दोघींत वाटला जातो. शिवाय बेट्सवर आक्षेप होता की पक्षी खरोखर असं शिकतात हे प्रयोगाने कुठे दाखवलंय? ते व्हायला जवळजवळ शंभर वर्षं लागली. १८५८ साली नव्हे, १९५८ साली अमेरिकेत जेन ब्रॉवर या संशोधिकेने पिंजऱ्यातल्या जे पक्ष्यांना कडू मोनार्क फुलपाखरं दिली. ज्यांनी मोनार्क चाखलं होतं, त्यांनी तशाच दिसणाऱ्या व्हाइसरॉयलाही बहुतेक वेळा तोंड लावलं नाही.

आणि स्वतः बेट्सचं पुढे काय झालं? ब्रिटिश म्युझियममध्ये त्याने नोकरीसाठी प्रयत्न केला. आठ हजार नव्या जाती आणणाऱ्या माणसाला ती मिळाली नाही, तिथे एका तरुण कवीची नेमणूक झाली! डार्विनने पाठीस लागून त्याच्याकडून अमेझॉनवरचं पुस्तक लिहून घेतलं. ‘नॅचरलिस्ट ऑन द रिव्हर अमेझॉन्स’ १८६३ मध्ये निघालं आणि गाजलं. पण ते लिहिताना तो इतका वैतागला की दुसरं पुस्तक लिहिण्यापेक्षा आणखी अकरा वर्षं जंगलात काढणं त्याला परवडलं असतं. त्याच वर्षी लग्न झालं, संसार वाढला आणि १८६४ साली त्याने रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीत असिस्टंट सेक्रेटरीची नोकरी धरली. पत्रव्यवहार, हिशेब, जर्नलचं संपादन, दुसऱ्यांच्या मोहिमांची व्यवस्था, हेच त्याने शेवटपर्यंत केलं. फावल्या वेळात मात्र तेच लेस्टरचे भुंगेरे. १८८१ साली तो रॉयल सोसायटीचा फेलो झाला. १६ फेब्रुवारी १८९२ रोजी ब्राँकायटिसने तो गेला. पुन्हा अमेझॉन बघणं त्याच्या नशिबी नव्हतं.

हे वाचल्यावर वाटलं की त्यासाठी आपल्याला अमेझॉनला जायची गरज नाही. आपल्या ग्राउंडच्या कुंपणाला रुई आहे. तिच्या चिकातलं विष पचवून वाढणारं केशरी प्लेन टायगर तिथे आरामात उडत असतं. त्याच्याच आसपास कधी डॅनेड एगफ्लायची मादी दिसते, अगदी त्याच रंगाची. ती बिचारी बिनविषारी, आणि तिचा नर पूर्ण वेगळा, काळा आणि पांढऱ्या ठिपक्यांचा. मेसमागच्या कढीपत्त्यावर कॉमन मॉर्मन अंडी घालतं. त्याचा लहान सुरवंट पक्ष्याच्या शिटेसारखा दिसतो. त्याच्या काही माद्या विषारी रोझ फुलपाखरांचं रूप घेतात आणि काही नरासारख्याच राहतात. वॉलेसने १८६५ मध्येच या माद्यांचा उलगडा केला होता. पण एकाच आईच्या पोटी हे दोन्ही प्रकार येतात कसे? ते एकाच जनुकावर ठरतं हे २०१४ साली ‘नेचर’मध्ये छापून आलं आणि त्या शोधनिबंधाचे पहिले लेखक होते आपले कृष्णमेघ कुंटे, ‘एका रानवेड्याची शोधयात्रा’ लिहिणारे.

जाता जाता एक सांगते. एका मुलीने मन लावून लिहिलेली जर्नल बाकीच्या चौघी उतरवतात तेव्हा सर ओळखत नाहीत. अख्खा वर्ग तेच उतरवायला लागला की व्हायवाला सगळ्यांचीच विकेट जाते. कारण बेट्सने सांगितलंच आहे, सोंग थोड्यांनाच फळतं! पण चेष्टा बाजूला. बेट्स वेगळा ठरला तो एवढ्यासाठी की सगळ्यांनी वरचा रंग पाहिला आणि त्याने पाय मोजले. त्या रात्री आमच्यापैकी एकीनेही लांबून दोन मिनिटं पट्टे नीट पाहिले असते आणि सर्पमित्रांना फोन केला असता, तर तो कवड्या आज जिवंत असता. आता तो नंबर कूलरच्या वर भिंतीवर लिहून ठेवला आहे. मण्यार असो की कवड्या, हात कोणीच लावायचा नाही आणि काठीही कोणीच उचलायची नाही, असं आम्ही ठरवलंय. तो नंबर वॉचमनकाकांनी स्वतः, ठळक अक्षरांत लिहिलाय.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी